शेवटचा आकडा

महाडच्या एमआयडीसीत, बिरवाडीच्या बाजूला, एका रासायनिक कारखान्यात मी मागच्या मे महिन्यात चार दिवस होतो. काम अगदी साधं होतं. सांडपाण्याच्या टाक्यांवर पातळी मोजणारी नवी उपकरणं बसली होती. त्यांचे आकडे कंट्रोल रूममधल्या पीएलसीपर्यंत पोचवायचे, त्यासाठी पीएलसीच्या शेजारी एक कम्युनिकेशन मॉड्यूल बसवायचं, आणि तो आकडा ऑपरेटरच्या स्क्रीनवर दाखवायचा. पीएलसी म्हणजे कारखान्याचा मेंदू असं आम्ही नवख्यांना सांगतो. मग हे मॉड्यूल म्हणजे कान. बहिऱ्या मेंदूला कितीही अक्कल असली तरी ती त्याच्या जवळच राहते.

पहिला दिवस नेहमीप्रमाणे वायरींनी खाल्ला. आरएस-४८५ या पद्धतीत दोन तारा असतात, ए आणि बी. कुठल्या तारेला ए म्हणायचं यावर जगातल्या उत्पादकांचं आजतागायत एकमत झालेलं नाही. त्यामुळे एका कंपनीचा ए दुसऱ्या कंपनीच्या बी-ला जोडावा लागतो आणि हे कळायला दुपारचे तीन वाजतात. मग टोकाला १२० ओहमचा रोधक, ९६०० चा वेग, इव्हन पॅरिटी, प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता. रजिस्टरचा क्रमांक पुस्तकात एक आणि प्रत्यक्षात त्याहून एकाने कमी. संध्याकाळी साडेसहाला पहिल्या टाकीचा आकडा स्क्रीनवर आला आणि मागे उभ्या असलेल्या ऑपरेटरकाकांनी "आला!" म्हणून टाळी वाजवली. या धंद्यात टाळी क्वचित मिळते.

काका पोलादपूरकडचे. कंत्राटी कामगार, वय पन्नाशीच्या आसपास. पहिले दोन दिवस मला 'साहेब' म्हणत होते. माझं आजोळ पोलादपूर तालुक्यात आहे हे तिसऱ्या दिवशी डबा खाताना निघालं, आणि तेव्हापासून मी 'भाचेसाहेब' झालो. पदही राहिलं, नातंही आलं.

चौथ्या दिवशी निघायच्या घाईत मी सॉफ्टवेअरमधली शेवटची काही पानं भरत होतो. त्यात एक प्रश्न असतो: उपकरणाशी संपर्क तुटला तर काय करायचं? पर्याय तीन. शेवटचा आकडा तसाच ठेवायचा, शून्य करायचं, किंवा आपण ठरवलेला एखादा आकडा द्यायचा. मी 'शेवटचा आकडा ठेवा' निवडलं. निवडलं असंही म्हणता येणार नाही, ते आधीच निवडलेलं होतं, मी फक्त पुढे गेलो. तीन सेकंद लागले असतील.

जुलैत एका रात्री, पाऊस आणि विजा चालू असताना, त्या लाइनवर कुठूनतरी झटका आला आणि टाकीकडचं उपकरण मुकं झालं. स्क्रीनवर त्या क्षणी ६२.४ टक्के होतं. ते ६२.४ टक्केच राहिलं. काकांनी दर तासाला वहीत नोंद केली: ६२.४, ६२.४, ६२.४. टाकी तोवर भरून वाहायला लागली होती. सांडपाणी टाकीभोवतीच्या बांधात साठलं आणि बांधाच्या बाहेर काही गेलं नाही, असं सांगण्यात आलं. मी बाहेरचा नाला बघायला गेलो नाही. पातळी फार वर गेली तर या सगळ्या संगणकी प्रकरणाला न विचारता पंप बंद करणारा एक स्वतंत्र फ्लोट स्विच अशा टाकीवर असावा लागतो. तो कागदावर होता, टाकीवर नव्हता. पण तो माझ्या कामाचा भाग नव्हता, आणि हे वाक्य मी स्वतःला त्या आठवड्यात बऱ्याच वेळा ऐकवलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे. तो स्क्रीन खोटं बोलत होता का?

तसं पाहिलं तर नाही. ६२.४ हा आकडा कुणी बनवलेला नव्हता. ती पातळी खरोखर मोजली गेली होती. ज्या भाषेत हे उपकरण बोलतं ती मॉडबस नावाची भाषा मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आणली आणि आजही जगभरच्या कारखान्यांत ती चालते, कारण ती कमालीची साधी आहे. पीएलसी विचारतो, 'पाच नंबर, तुझा आकडा सांग', पाच नंबर सांगतो. त्या उत्तरात फक्त आकडा असतो. तो कधी मोजला, त्यावर किती भरवसा ठेवायचा, यातलं काही नसतं. उत्तर आलं तर जुन्या आकड्यावर नवा लिहिला जातो. उत्तर आलं नाही तर काहीच लिहिलं जात नाही, म्हणजे जुना तिथेच राहतो. खोटं बोलायला कुणीतरी बोलावं लागतं. इथे कुणी बोललंच नव्हतं आणि मी त्या गप्प बसण्याला आकड्याचे कपडे घालून ठेवले होते.

मग शून्य ठेवायला हवं होतं का? त्या रात्री शून्य दाखवलं असतं तर पीएलसीला वाटलं असतं की टाकी रिकामी आहे, आणि त्याने आत येणारी वाट उघडी ठेवून बाहेर काढणारा पंप बंद केला असता. टाकी आणखी लवकर भरली असती. आणि शंभर ठेवलं असतं तर? मग संपर्क दोन सेकंदांसाठी जरी गेला तरी मागचा सगळा प्लांट थांबला असता. पावसाळ्यात असा संपर्क दिवसातून पाच-सहा वेळा जातो. अर्धवट शिजलेली बॅच वाया गेली की कोणाच्या तरी पगारातून नाही तरी कोणाच्या तरी मानेवरून ती वसूल होते. 'सुरक्षित' हा शब्द आम्ही मॅन्युअलमध्ये फार सहज वापरतो. कोणासाठी सुरक्षित, हे तिथे लिहिलेलं नसतं.

हे सगळं मला नवं वाटत होतं, पण आमच्या घरात ही निवड माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी केलेली होती.

माझ्या आजीचे थोरले दीर मुंबईत गिरणीत होते. त्या काळी आमच्या आजोळच्या जवळपास प्रत्येक घरातला एकतरी पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत असे आणि गावकीच्या खोलीत राहत असे. दर महिन्याला मनिऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला स्वतः. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर तोही अजून शेवटच्या आकड्यावर उभा आहे. थोरले आजोबा वर्षभर गावी येऊन-जाऊन राहिले. मग भिवंडीला मागावर काम बघतो असं खोलीवाल्यांना सांगून गेले. तिथून एक साठ रुपयांची मनिऑर्डर आली. त्यानंतर काही नाही. १९८३ च्या गणपतीला ते आले नाहीत. पुढच्याही नाही.

थोरल्या आजीने कुंकू लावणं चालू ठेवलं. मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाचं बोलावणं, सगळं चालू. कुणी तिला 'आता पुरे' म्हटलं नाही आणि कुणी 'येतील हो' असंही म्हटलं नाही. एकतीस वर्षं हे असंच चाललं. २०१४ साली ती गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि मला आठवतं की बायका आतल्या खोलीत कुजबुजत होत्या. प्रश्न असा होता, की तिला सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं, ओटी भरायची, की नाही? नेसवलं तर ज्या गोष्टीवर कुणाचाच विश्वास उरला नव्हता ती गोष्ट अख्ख्या गावासमोर खरी म्हणून मांडायची. नाही नेसवलं तर जी बातमी तिला जन्मभर कुणी दिली नाही ती मेल्यावर द्यायची. शेवटी माझी आजी बाहेरून म्हणाली, "तिला कोणी येऊन सांगितलं होतं का, तो गेला म्हणून? मग आता आपण कोण सांगणार?" हिरवं लुगडं आलं.

सातबारावर थोरल्या आजोबांचं नाव अजून आहे. मामा तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी गेला की तोच प्रश्न येतो, मृत्यूचा दाखला आणा. दाखला नाही, कारण मृत्यू नाही, निदान कुणी पाहिलेला नाही. मग वकिलाने सांगितलं की दिवाणी दावा लावा. १८७२ च्या पुरावा कायद्यात यासाठी कलम १०८ होतं, आता नव्या साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे, फक्त कलमाचा आकडा बदलला. एखाद्या माणसाबद्दल सात वर्षांत काही ऐकू आलं नसेल, म्हणजे तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच कळलं असतं अशांनाही काही कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते.

मी हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. आमच्याकडे याला टाइमआउट म्हणतात. इतका वेळ उत्तर आलं नाही तर उपकरण गेलं असं समजायचं. माझ्या मॉड्यूलमध्ये तो वेळ मिलिसेकंदांत टाकायचा असतो, कायद्याने तो सात वर्षं टाकला आहे. पण नंतर त्या कलमातल्या मधल्या वाक्याचं अप्रूप वाटलं. कायदा नुसतं 'काही ऐकू आलं नाही' यावर थांबत नाही. ज्याला कळायला हवं होतं, त्याला कळलं नाही, हे तो बघतो.

आपल्याकडच्या जुन्या तत्त्वज्ञांनी यावर फार भांडून ठेवलं आहे, हे मला पुढे वाचताना कळलं. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? डोळ्यांना जमीन दिसते, 'नसणं' कसं दिसेल? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि पुढे अद्वैतवाले म्हणाले, यासाठी वेगळं प्रमाण मानावं लागतं, त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, पण तो कळायला वेगळं प्रमाण लागतं हे त्यांना मान्य नव्हतं. एका गोष्टीबद्दल मात्र त्यांच्यात फारसा वाद नाही. न दिसण्यावरून 'नाही' म्हणायचं असेल तर ते न दिसणं योग्य हवं. घडा असता तर दिसला असता अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

माझी ६२.४ ची खोली अंधारी होती आणि मी तिथे दिवा लागल्याचं चित्र चिकटवलं होतं.

थोरल्या आजोबांच्या बाबतीत मात्र हे इतकं सरळ लागू होत नाही. ते जिवंत असते तर आम्हाला कळलं असतं का? गिरणी गेली, पैसे नाहीत, गावी तोंड कसं दाखवायचं म्हणून कुठेतरी राहून गेलेला माणूस कळवत नाही, आणि असे लोक त्या संपानंतर थोडे नव्हते. त्यांची शांतता ही मृत्यूची असेल, लाजेची असेल. कायद्यालाही हे थोडंफार माहीत असावं. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांनंतर माणूस मेला असं गृहीत धरता येतं, पण तो कधी मेला हे गृहीत धरता येत नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागतं. म्हणजे शेवटी कायद्याच्या हातातही एक आकडा उरतो आणि त्याला वेळ नसते.

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, की मग शहाणपण कशात आहे ते उघड आहे: वेळेवर 'संपर्क तुटला' म्हणा, जुनं धरून बसू नका. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. पण २०२१ ची आठवण मध्ये येते.

त्या वर्षी २२ जुलैला महाड पाण्याखाली गेलं. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, आणि वरच्या घाटात पाऊस झाला की महाडची बाजारपेठ काय भोगते हे तिथल्या जुन्या दुकानदारांना पाठ आहे. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. मी पुण्यात होतो. वीज गेली, टॉवर बंद पडले, रस्ते तुटले. मामीच्या व्हॉट्सअॅपवर '२१ जुलै, रात्री ९:१२' असं शेवटचं दिसत होतं. दोन दिवस मी ती ओळ दर दहा मिनिटांनी उघडून बघितली. टीव्हीवर तळीयेचं चित्र. त्या दोन दिवसांत मी काय केलं असतं तर बरोबर ठरलं असतं? आई स्वयंपाक करत होती आणि मध्येच म्हणायची, "आत्ता आजीने चहा टाकला असेल." शेवटचा आकडा. मी तिला टोकलं नाही. तिसऱ्या दिवशी मामाने महाबळेश्वर रस्त्याच्या कुठल्यातरी वळणावर जाऊन रेंज पकडली आणि एक मिनिट बोलला. सगळे होते.

तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. काही दिवसांनी तिथला शोध थांबवला गेला आणि जे सापडले नव्हते त्यांना मृत मानण्यात आलं. तिथे सात वर्षं थांबायचं कुणाच्या मनात आलं नाही आणि येऊ नये. डोंगर सगळ्यांनी पाहिला होता. २००५ साली दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे जे झालं ते पाहिलेली माणसं अजून त्या तालुक्यात आहेत. त्यांना चिखलाच्या शांततेचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा जुनं धरून ठेवणं हे मुळात वाईट आहे, असं मला म्हणवत नाही. आईचा तो चहा धरून ठेवल्यामुळे आमचे दोन दिवस निघाले. थोरल्या आजीचं कुंकूही मी वाईट म्हणणार नाही, पण त्याबद्दल मला जास्त जड जातं, कारण ती एकतीस वर्षं धरून ठेवण्याची किंमत तिने एकटीने दिली आणि ते तसं ठेवायचं हे तिने एकटीने ठरवलेलं नव्हतं. आईला माहीत होतं की आपण अंदाज बोलतोय. मामीच्या फोनवरच्या त्या ओळीलाही निदान तारीख-वेळ होती. माझ्या स्क्रीनला नव्हती. दोन हजार किलोमीटरवरून आलेल्या एका सॉफ्टवेअरच्या पानावर मी तीन सेकंद न थांबता पुढे गेलो, आणि त्याचा भुर्दंड रात्रपाळीत वही घेऊन बसलेल्या माणसावर गेला.

त्या माणसाबद्दल आता सांगायला हवं.

घटनेनंतर अहवाल माझ्याकडून मागितला गेला. मी लिहिलं: 'विजेच्या झटक्यामुळे संपर्क खंडित झाला. मॉड्यूल व टाकीवरील उपकरण तपासले. खराब भाग बदलला. संपर्क पूर्ववत.' यातला प्रत्येक शब्द खरा आहे. संपर्क गेल्यावर स्क्रीनने काय दाखवावं हे मी ठरवलं होतं, एवढंच त्यात नव्हतं. आमच्या साहेबांनी तो वाचला आणि 'नेमकं आहे' म्हणाले. क्लायंटने माझा अहवाल घेतला, त्याच्या खाली स्वतःची एक ओळ टाकली की ऑपरेटरने टाकीवर प्रत्यक्ष जाऊन खात्री केली नाही, आणि काकांना त्या जागेवरून काढलं. हे मला नऊ दिवसांनी कळलं, दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा.

मी तेव्हा दुसरा ईमेल लिहिला. त्यात सेटिंगचं नाव, पर्याय, तो मी तसाच ठेवल्याचं, आणि संपर्क तुटल्याची कुठलीही खूण स्क्रीनवर येण्याची सोय नसल्याचं लिहिलं. साहेब म्हणाले, आता कशाला, विषय संपलाय. मी पाठवला. यात शौर्य काही नव्हतं. नऊ दिवस उशिरा खरं सांगणं आणि ६२.४ दाखवत राहणं यात फार अंतर आहे असं मला वाटत नाही. उत्तर आलं: 'नोटेड.'

ऑगस्टमध्ये मी महाडला गेलो तेव्हा काकांना शोधून काढलं. ते त्याच एमआयडीसीत दुसऱ्या कंत्राटदाराकडे ड्रम चढवण्याच्या कामाला होते. पगार कमी, आणि पाठ दुखते म्हणाले. चहाच्या टपरीवर मी त्यांना सगळं सांगितलं, सेटिंग, पर्याय, माझी चूक. तांत्रिक भाग त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजला. मग ते म्हणाले, "भाचेसाहेब, मी सांगितलं होतं की. दुसऱ्या तासालाच सुपरवायझरला फोन केला. म्हटलं, आकडा हलत नाही. टाकीतलं पाणी कधी एवढं गप्प राहतं का? एक पॉइंट तरी हलतंच. तो म्हणाला, कॉम्प्युटर आहे, चुकत नाही, तू लिहीत राहा."

हे कुठल्याच अहवालात नव्हतं. माझ्या दुसऱ्या ईमेलमध्येही नव्हतं, कारण मी त्यांना तोवर विचारलंच नव्हतं.

तिसरा ईमेल मी टपरीवर बसूनच लिहिला. त्यांना जुनी जागा मिळालेली नाही. सेटिंग मी त्याच दिवशी बदललं. आता टाकीकडच्या उपकरणाने उत्तर दिलं की पीएलसीतला एक मोजणारा आकडा पुढे सरकतो, आणि तो पाच सेकंद सरकला नाही की स्क्रीनवरची पातळी राखाडी होते. जुना आकडा पुसत नाही, ठेवतो, पण त्याच्या खाली तो किती जुना आहे ते येतं. अर्ध्या मिनिटानंतर भोंगा वाजतो आणि आत येणारी वाट बंद होते. भोंग्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कापड गुंडाळलं, ते मी काढून आलो. राखाडी आकड्याखाली काय शब्द लिहायचा यावर मी अडलो होतो, तेव्हा काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "शिळा लिहा. सगळ्यांना कळतं."

स्क्रीनवर आता तेच येतं. ६२.४, शिळा, ४ मिनिटे.